शनिवारी पाठ फिरवणारी चित्रं

आमचं घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत हातमाग. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वडील दिवसभर विणायचे. ते जेवायला उठले की त्याच जागी बसून मी बी.ए. केलं. आई विड्या वळायची. घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. हे मुद्दाम सांगतोय... कारण भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नव्हे. आजही नाही.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात एका संग्रहालयात सहा महिन्यांच्या बोलीवर मी सहाय्यक होतो. वडिलांचा दमा वाढून माग बंद पडलेला, त्यामुळे घर माझ्याच पगारावर. आयझॅक मास्तरांचं प्रदर्शन लावायचं काम माझ्याकडे आलं. मास्तर ज्यू, मूळचे कोकणातले, इथल्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. चित्रं नव्या पद्धतीची – नुसते चौकोन आणि पट्टे. हयातीत कुणी विचारलं नाही, मागून सगळे विसरले. स्टेशनजवळ राहणाऱ्या त्यांच्या पुतणीनं, हॅनाबाईंनी, तेवीस चित्रं जपली होती.

शुक्रवारी दुपारी सगळी टांगली. कुलूप लावलं, किल्ली खिशात. शनिवारी सकाळी उघडतो तर – तेवीसच्या तेवीस चित्रांची तोंडं भिंतीकडं!

"सायेब, म्या न्हाय बा हात लावला," शिपाई शिवप्पा दारातच थबकला. माझा संशय मात्र त्याच्यावरच.

अधीक्षक माझ्यावर घसरले. "चेष्टा सुचतेय होय? दोन आठवड्यांनी शनिवारी उद्घाटन आहे, कलेक्टर येणार. तेव्हा असं झालं तर तुझी नोकरी तिथंच संपली!"

पुढच्या शुक्रवारी प्रत्येक चौकट मी दोन्ही बाजूंनी सुतानं खिळ्यांना बांधली. गाठ विणकराची, तुटलेला धागा जोडायची. ओढाल तशी आवळते, कापल्याशिवाय सुटत नाही.

शनिवारी सकाळी चित्रं पुन्हा पाठमोरी. आणि सूत...? तसंच ताणलेलं. एक गाठ सुटलेली नाही, एक धागा तुटलेला नाही.

"आता म्हना की, शिवप्पानं केलं म्हून!"

मी सायकल काढली ती थेट हॅनाबाईंकडे. सगळं ऐकूनही त्या हसल्या नाहीत.

"अहो, शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ लागतो. शनिवारी दिवस मावळेपर्यंत कामाला हात लावायचा नाही. काका ब्रश धुवायचे आणि सगळी चित्रं भिंतीकडं वळवायचे. समोर दिसली की हात शिवशिवतात म्हणायचे."

"मग उद्घाटन शनिवारी ठेवलं, तेव्हा बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांनी काकांना कुणीतरी विचारतंय... कशाला मोडता घालू? मी फक्त येणार नव्हते."

सोमवारी अधीक्षकांना एवढंच म्हणालो, "साहेब, चित्रकाराच्या घरचं माणूसच येणार नसेल तर बरं दिसेल का?" चित्रं फिरल्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते कुरकुरले, पण कार्यक्रम रविवारवर गेला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मीच एकेक चित्र भिंतीकडं वळवलं. शनिवारी हॉल उघडलाच नाही. दिवसभर घरात नुसता येरझाऱ्या घालत होतो. रविवारी लवकर जाऊन कुलूप काढलं. म्हटलं, पाहुणे यायच्या आत सरळ करून ठेवू.

सगळी चित्रं आधीच सरळ होती.

किल्ली माझ्याच खिशात होती. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, आणि ओढूनताणून कारण मी देणार नाही.

प्रदर्शन महिनाभर चाललं. मास्तरांची चार चित्रं संग्रहालयानं ठेवून घेतली, खाली त्यांच्या नावाची पाटी लावून. दिवाळीनंतर मला नोकरीत कायम केलं.