जर्मनीतला सुजीत, मुक्काम बेटेगाव

सातपाटीत नवी बोट पाण्यात उतरवायच्या आधी तिची पूजा होते आणि गाव जेवून जातं. माझ्या मावशीच्या नवऱ्याने, नामदेवकाकांनी, पोराच्या बाबतीतही तेच केलं. सुजीत पालघरला बी.एस्सी. झाला. बोईसरच्या एका एजंटने त्याला जर्मनीत नोकरी कबूल केली, आणि व्हिसा हातात यायच्या आधीच बंदरावर फ्लेक्स लागला. कोटातला सुजीत, मागे विमान. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

व्हिसा नाकारला गेला. सरळ सांगून मोकळं व्हावं ना? छे! ठरल्या दिवशी काकांनी पोराला बॅगेसकट गाडीत घातलं आणि बोईसरजवळच्या बेटेगावला आमच्या दारात आणून सोडलं.

"गावात तोंड दाखवायचं नाय. दुसऱ्यांदा अर्ज करून व्हिसा मिळंल, तवर तू जर्मनीला हाय."

त्याच्या आईला, काशीमावशीलाही सांगायचं नाही, कारण ती दिवसभर मासळी बाजारात बसते, बोलून जाईल.

पदवीधर सुजीत तारापूरच्या एका कारखान्यात ड्रम ढकलू लागला. सुट्टीच्या दिवशी आमच्या कोऱ्या भिंतीसमोर बसून, ऐन मे महिन्यात स्वेटर घालून, तो आईला व्हिडिओ कॉल करायचा.

"थंडी लय हाय का रं?" मावशी विचारायची.

"हाय," म्हणताना त्याच्या कपाळावरून घाम ओघळायचा. मला संताप यायचा. काकांचा तर यायचाच, पण मुकाट्याने ऐकणाऱ्या सुजीतचाही.

मग कॉलेजातल्या सपनाचा उमरोळीहून फोन आला. तीही त्याच एजंटकडे नाव घालणार होती.

"त्याच्या ऑफिसात तुझा फ्लेक्सवालाच फोटो लावलाय. तू पोचलास म्हणून तर आमच्या घरचे तयार झाले."

सुजीतचा चेहरा लालबुंद झाला. "नको जाऊ त्याच्याकडं. मी पोचलो नाय. मी बेटेगावला हाय." फोन ठेवला आणि माझ्या मोटारसायकलवर बसत म्हणाला, "सातपाटीला चल. आत्ताच."

आम्ही पोचलो तेव्हा मासळी बाजार भरात होता. टोपलीपुढे बसलेली मावशी त्याला बघून हरखली. "कवा आलास रं जर्मनीसून?"

"मी गेलोच नव्हतो, आये. व्हिसा मिळालाच नाय. बाबांनी बेटेगावला तुज्या बहिणीकडं ठेवलं व्हतं."

आजूबाजूच्या बायकांची घासाघीस थांबली. कोणीतरी सांगितलं असावं, काका बंदरावरून धापा टाकत आले.

"येवढ्या लोकांत बोलायची काय गरज व्हती?"

"घरात बोललो असतो तर तुमी पुन्हा लपवलं असतं!" सुजीत ओरडला.

मावशीने हातातले बोंबील टोपलीत आपटले आणि ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"रोज सांजंला दर्याकडं तोंड करून हात जोडते मी, पलीकडं माज्या पोराला संबाळ म्हणून. आन पोरगा माज्या पाठीमागं, बेटेगावला!"