पानी कमी पीत जाय

आयटीआयतून वेल्डिंग शिकून मी अकोल्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागले. पुरुषांचा पगार तुटपुंजा होता आणि त्याच कामाचा माझा त्याहून कमी. तिथं संडास नव्हता. पुरुष भिंतीमागं जायचे. तो वास जेवतानाही नाकात असायचा.

मी मालकाला विचारलं, "मी कुठं जाऊ?"

"पानी कमी पीत जाय," तो सुपारी चघळत म्हणाला.

मे महिन्यात, तापलेल्या टिनाखाली, मी खरंच तसं केलं. लघवीला आग व्हायला लागली, ताप भरला. त्या आजारपणाचा पगारही त्यानं कापला, तेव्हा मला त्याची किळस आली. मी हातमोजे काढून ठेवले आणि निघाले.

आता दुसऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. इथं संडास आहे, पण किल्ली मालकाच्या खिशात असते. दर वेळी मागावी लागते.