उसने कान

मैसूरच्या जयलक्ष्मीपुरमचे तिरुमलराव दिसायला अगदी साधे गृहस्थ. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये पस्तीस वर्षं मुलांना ट्यूनिंग फोर्क वाजवून दाखवला, निवृत्त झाले, आणि इतर लोक गुडघेदुखीच्या गप्पा मारतात त्या वयात यांना इन-इअर मॉनिटरचं वेड लागलं. म्हणजे स्टेजवरचे गायक कानात खोल घालतात ते चिमुकले इअरफोन. साधेसुधे नव्हेत हं! एकेक जोडी चांगल्या स्कूटरच्या भावाची. पण विकत कोण घेतो? इंटरनेटवर या वेड्यांचा एक फोरम आहे. तिथे एकच जोडी कुरिअरने गावोगाव फिरते. प्रत्येकाने आठवडाभर ऐकायची, खरं खरं लिहायचं आणि पुढच्याला धाडायची. त्या फोरमवर ‘टी. राव, मैसूर’ म्हणजे शेवटचा शब्द. पुण्याबेंगळूरची मुलं लिहायची, “सर, तुम्ही सांगाल तीच घेतो.” निवृत्त माणसाला सर म्हणणारं दुसरं ठिकाण उरलेलं नसतं, तेव्हा राव त्या शब्दाला किती जपत असतील ते तुम्हीच समजून घ्या.

आणि खोटं कशाला बोला, या रावांना दोन वर्षं झाली, वरचे बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. झांजेची किणकिण, वीणेच्या तारेवर घासलेलं नख, गाणाऱ्या बाईच्या तोंडचा ‘स’, एकेक करून सगळं गेलं. आधी त्यांनी दोष इअरफोनला दिला. मग वायरीला. मग कानातल्या मळाला. शेवटी एका सकाळी कॉफी झाल्यावर बायकोला हाक मारली.

“अगं, स्वल्प हे कानात घालून बघ. सुम्ने, उगाच आपलं. कसं वाटतं ते सांग.”

कृष्णवेणीबाई काही गाण्यातल्या नव्हेत. पण कान असा तिखट, की मागच्या अंगणातला नळ ठिबकला तरी पुढच्या खोलीत कळायचं. भाजी निवडता निवडता त्यांनी एकामागून एक दोन जोड्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “ह्यात झांज कशी, तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखी तडतडते. आधीच्यात तेल तापलंच नव्हतं.”

रावांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. फोरमवर लोक बेहद्द खूश! टी. रावांची मोहरी प्रसिद्ध झाली. मग काय, रोज अकराला भाजीची परात आणि इअरफोनची डबी एकाच टेबलावर. कृष्णवेणीबाईंना वाटायचं, नवऱ्याला म्हातारपणी आपली संगत गोड लागतेय. त्यांना बरं वाटायचं. आणि ते बघून राव मान खाली घालून टिपणं काढायचे.

असं चाललं होतं ते चाललंही असतं. पण बेंगळूरच्या शरतचा फोन आला. हा शरत स्वतः इन-इअर मॉनिटर बनवायचा. म्हणाला, “सर, माझं सगळ्यात भारी मॉडेल दोन तऱ्हेचं आहे. एक युनिव्हर्सल, रबरी टोपी बदलली की कुणाच्याही कानात बसतं. दुसरं कस्टम, कानाचा साचा घेऊन त्या एका माणसासाठीच घडवलेलं. आतलं यंत्र सेम टु सेम. मग आवाजात फरक पडतो का? लोक रोज भांडतात. तुम्ही दोन्ही ऐकून निकाल द्या. कस्टम तुमच्या कानाचं करून देतो.”

राव फुलून गेले. हो म्हणून मोकळे झाले. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. युनिव्हर्सल कृष्णवेणीच्या कानात जाईल, पण कस्टम?

तरी गडी साचा द्यायला गेला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं ना! जवळच्या गोकुलममध्ये एका लहानशा दवाखान्यात वर्षिणी नावाची ऑडिओलॉजिस्ट बसायची. तिने कानात बॅटरीने बघितलं, दाताखाली फोमचा ठोकळा दिला, कानात गुलाबी लगदा भरला आणि पाच मिनिटं गप्प बसवलं. साचे छान निघाले. मग सहज म्हणाली, “सर, आलाच आहात तर तपासणी पण करू या.” बंद खोलीत टुंईटुंई झालं. एका जागी ते थांबलं असं रावांना वाटलं, पण वर्षिणीचं बोट अजून बटणावरच होतं. तिने कागद पुढे केला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ होती आणि पुढे विहिरीत उडी टाकल्यासारखी खाली.

“ऐकण्याचं यंत्र लावलंत तर खूप फरक पडेल, सर.”

“बघू, बघू,” राव म्हणाले. कागदाची चौघडी घालून ती चष्म्याच्या घरात तळाशी दडवली.

महिन्याने पार्सल आलं. कस्टम जोडी निळीशार, वर ‘टी. राव’ अशी सोनेरी अक्षरं. रावांनी कानात घातली. अशी बसली, की जणू कानालाच ती फुटली होती. मृदंग मस्त घुमला. मग युनिव्हर्सल. मग पुन्हा कस्टम. खालचे आवाज कस्टममध्ये जास्त भरदार, एवढं त्यांना नक्की कळलं. पण वरचं काय? झांज कुठेय? दोन्हीकडे सामसूम! आठ दिवस त्यांनी तीच चार गाणी घासली. तिकडे फोरमवर लोक वाट बघत होते. कितीतरी मुलं लिहीत होती, “सरांचा निकाल आला की ऑर्डर देतो.” काहीतरी ठोकून देता आलं असतं. एकदा दोन ओळी टाइपसुद्धा केल्या. मग त्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि स्वतःचीच लाज वाटून त्यांनी त्या पुसल्या.

नवव्या दिवशी त्यांनी कस्टम जोडी भाजीच्या टेबलावर ठेवली. “अगं, जरा हे...”

कृष्णवेणीबाईंनी घालायला घेतली. एकीकडे शिरेना, दुसरीकडे टोचली. “अय्यो, दुखतंय हो! बेडा, बेडा, नको मला.” काढून हातात धरली, अक्षरं वाचली. “हे तर तुमच्या कानाचं केलंय. तुम्हीच ऐका की. मला कशाला?”

किती साधा प्रश्न!   रावांनी चष्म्याच्या घरातली ती चौघडी काढून बायकोच्या हातावर ठेवली.

“मला ऐकू येत नाही, वेणी. दोन वर्षं झाली. तू सांगतेस ते मी लिहितो.”

बाईंनी कागद बघितला. मग म्हणाल्या, “फोन द्या इकडे.” दुपारभर त्यांनी फोरमवरचं एकेक परीक्षण वाचून काढलं. इंग्रजी बेताचं, पण स्वतःचं बोलणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. मोहरी होती, न तापलेलं तेल होतं, ओल्या फडक्याखालचा तंबोरा होता. प्रत्येकाखाली सही टी. राव.

“मोहरी माझी आणि नाव तुमचं?” त्यांचा आवाज चढला. “ऐकू येत नाही याचं मला काही नाही हो. म्हातारे झालो, व्हायचंच. पण मी वेड्यासारखी समजत होते, की तुम्हाला माझ्याजवळ बसायला आवडतं!”

“आवडतंच की!” राव कळवळून म्हणाले. “आधी कानांसाठी बसलो, ते खरं. पण पहिल्या महिन्यानंतर अकरा कधी वाजतात म्हणून मी घड्याळ बघायला लागलो. देवाशप्पथ.”

दोन दिवस बाईंनी भाजी एकटीनेच स्वयंपाकघरात निवडली. तिसऱ्या दिवशी कॉफी आदळून म्हणाल्या, “त्या मुलांना खरं काय ते लिहा. मग माझ्या कानाचा साचा द्यायला मी येते. पण शेजारच्या खुर्चीत तुम्हीही बसायचं, ऐकण्याच्या यंत्राचा साचा द्यायला. नाहीतर साकु, पुरे झालं, माझे कान बंद.”

रावांनी लिहिलं.  “गेल्या दोन वर्षांतले माझ्या नावावरचे कान माझ्या पत्नीचे आहेत. मी हे लपवलं, त्याची क्षमा मागतो.” लिहून फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि दोन दिवस उघडला नाही. उघडला तेव्हा काहींनी चांगलंच फैलावर घेतलं होतं. एकाने तर ‘सर’ काढून नुसतं ‘राव’ लिहिलं होतं. ते फार लागलं त्यांना. पण शरतचा निरोप होता, “आतलं यंत्र तेच ठेवतो, कवच मॅडमच्या साच्याचं घालतो. परीक्षण दोघांच्या नावाने द्या. आणि मॅडमना विचारा, तेल तापलंय का?”

मग गोकुलमच्या त्या दवाखान्यात दोन खुर्च्या शेजारी लागल्या. दोघांच्या दाताखाली ठोकळे, दोघांच्या कानात गुलाबी लगदा. बोलता येईना, ऐकू येईना. बाईंनी तिरक्या नजरेने नवऱ्याकडे बघितलं. ठोकळ्यासकट त्यांना हसू फुटलं. वर्षिणी ओरडली, “हलू नका!” पण ते कुणाला ऐकू जाणार!

दसऱ्याच्या आधी नवं पार्सल आलं. या खेपेला अक्षरं होती ‘कृष्णवेणी’. रावांच्या कानामागेही यंत्रं येऊन आठवडा झाला होता. पंखा, पिशव्या, वर्तमानपत्र, सगळंच कर्कश वाटत होतं आणि ते कुरकुरत होते.

सकाळचे अकरा. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “एकच गाणं हं. सारूला फोडणी ठेवलीय बारीक गॅसवर.” आधी युनिव्हर्सल ऐकलं, मग कस्टम, मग पुन्हा पुन्हा. राव वहीत लिहीत होते.

“सांगू? झांज दोन्हीत सारखीच. खरं तर पहिल्यात कणभर जास्तच चमक. पण त्यात मान हलली की मृदंग पळून जातो. ह्यात हलत नाही, घरच्यासारखा बसून राहतो. आणि बाहेरचं सगळं बंद. बाई माझ्या एकटीसाठी गातेय.” असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि पुढचंही गाणं लावलं.

राव लिहिता लिहिता थांबले. काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, कोरडं. तड्. मग तड्तड्. ते उठले आणि आवाजामागे स्वयंपाकघरात गेले. कढल्यात मोहरी उडत होती. एकेक दाणा वेगळा ऐकू येत होता, भराभर, दाट होत. गॅसच्या बटणावर हात होता, पण फिरवावासा वाटेना. डोळे भरून आले आणि ते तसेच उभे राहिले.

मोहरी काळी पडली. धूर पुढच्या खोलीत गेला तेव्हा बाई इअरफोन ओढून काढत धावत आल्या.

“अय्यो, जाळलीत की हो! इथेच उभे आहात आणि ऐकू आलं नाही तुम्हाला?”

“आलं की,” राव म्हणाले. “म्हणून तर उभा होतो.”