जादूगाराने फाटक काहून उघडलं

प्रत्येक विश्वासघाताच्या मुळाशी एक मोठं प्रेम असतं. हे वाक्य मी ऐकलं ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका छोट्या वाचनालयात, एका निवृत्त स्टोअरकीपरच्या तोंडून. त्या वेळी त्यांच्या तोंडात अर्धा आलूबोंडाही होता.

आम्ही त्यांना काका म्हणत असू. मलाजखंडला तांब्याच्या खाणीत त्यांनी जन्मभर गमबूट, हेल्मेटं आणि नटबोल्ट सही घेऊन वाटले आणि मग बालाघाटला येऊन राहिले. दर रविवारी सकाळी आम्ही तिघं वाचनालयात जमत असू. काका, मी, आणि कटंगीहून बसने येणाऱ्या एक शिक्षिका, ज्यांना सगळेच मॅडम म्हणतात. मी कचेरीच्या आवारात टेबल टाकून लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहून देतो. माणसं आपल्या वागण्याची कारणं काय सांगतात आणि खरी कारणं काय असतात, हे मला तिथे रोज दिसतं. खरी कारणं बहुधा फार लहान असतात. ती कागदावर बरी दिसत नाहीत, म्हणून मी मोठी लिहून देतो.

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली. हिंदी पेपर, कुलूप लावलेलं मराठी पुस्तकांचं एक कपाट, फिरतो पण वारा देत नाही असा पंखा, आणि टोकाला एक खिडकी. खिडकीजवळची खुर्ची काकांची. कोणी दिली नव्हती. ते सगळ्यांच्या आधी येत. मी भिंतीजवळ, पेपरांच्या फायलींना टेकून बसत असे.

आम्ही वाचत होतो ती जादू, राजे आणि पर्वतरांगांची एक प्रचंड मालिका. मूळ इंग्रजी, पण आम्ही हिंदी अनुवाद वाचायचो. चार खंड आले होते, पाचवा यायचा होता. एकेक खंड उशीएवढा जाड, प्रत एक आणि वाचणारे तिघं. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली होती. खंड आला की तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ब्लेडने पाच-सहा भागांत कापायचा आणि प्रेसजवळच्या बाइंडरकडून प्रत्येक भाग वेगळा शिवून आणायचा. एक भाग मी वाचून मॅडमना द्यायचा, त्यांनी काकांना. बाइंडर प्रत्येक भागाला जुन्या कॅलेंडरचं पान चढवायचा, त्यामुळे भागांना महिन्यांची नावं पडली. महिन्यांच्या क्रमाशी त्याला देणंघेणं नव्हतं. चौथा खंड मार्चने सुरू झाला, मग जून, मग ऑगस्ट, मग जानेवारी, आणि नोव्हेंबरला संपला. शिवाय कडा सारख्या करताना तो खाली इतकं कापायचा की पानांचे आकडे उडून जायचे.

“जून झाला का काका?” मॅडम विचारायच्या.

“दोन दिवस द्या. जूनमंदे लय लढाई हाय.”

बाहेरून आलेला माणूस हे ऐकून आम्हाला शेतीच्या खात्यातले समजला असता.

काकांना या पुस्तकांचा नाद त्यांच्या मुलामुळे लागला. मुलगा हैदराबादला नोकरी करतो. त्याची आई गेली तेव्हा तो शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसला होता. ती तीन आठवडे आजारी होती. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि काका रोज सांगायचे, “आई बरी हाय, झोपली हाय.” शेवटचा पेपर झाल्यावर त्याला खरं कळवलं. तो पोचला तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते. त्यानंतर तो दर रविवारी फोन करतो, बीपी विचारतो आणि ठेवतो. एकदा काकांनी विचारलं, काय वाचून राह्यला? त्याने या मालिकेचं नाव सांगितलं. तो ती इंग्रजीत वाचत होता. काका दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “हे हिंदीत भेटते का रे भाऊ?”

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे पुढे मी जे केलं ते माहीत नसताना केलं, असं म्हणायला जागा नाही.

चौथ्या खंडात एक जादूगार आहे. बाल-राजाला त्याने लहानाचा मोठा केलेला. जूनच्या शेवटी तो किल्ली घेऊन नगराच्या फाटकाशी उभा असतो. जानेवारी उघडतो तेव्हा नगर जळालेलं असतं, राजा जंगलात असतो आणि जादूगाराचं नाव कोणी काढत नाही. मधलं सगळं ऑगस्टमध्ये आहे. तो फाटक उघडतो, पकडला जातो, भर दरबारात त्याला कारण विचारतात, तो सांगतो, आणि त्याला फाशी होते. कारण असं, की इतकी वर्षं सेवा करून राजवाड्यात त्याला जी खोली दिली होती तिला खिडकी नव्हती. एवढंच. दरबार हसतो. लेखकाने ते तीन-चार ओळींत उरकलं आहे आणि मला अख्ख्या मालिकेत तेवढंच पटलं होतं.

ऑगस्ट काकांपर्यंत पोचला नाही. मॅडमना कटंगीची बस गाठायची होती. बसच्या पायरीवरून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “काकांना द्या.” मी तो पिशवीत टाकला आणि विसरलो. काकांनी टेबलावर पडलेला जानेवारी उचलला आणि जूनपुढे तो वाचला. उडी त्यांच्या लक्षात आली, पण त्यांना ती लेखकाची करामत वाटली.

“पाहा, काय लिवते हा माणूस,” ते म्हणाले. “फाटक उघडलं का नाही, सांगतच नाही. जागा सोडून देल्ली. तुमी भरा म्हणते.”

आणि त्यांनी भरली. त्यासाठी खाणीतलं एक जुनं रजिस्टर काढलं, त्यात ‘प्रास्ताविक’ आणि ‘जादूचा हिशोब’ असे मथळे घातले आणि रविवारी खिडकीजवळ उभं राहून वाचायला सुरुवात केली. उभं राहण्याचं काही कारण नव्हतं. श्रोते दोन होते आणि त्यांतल्या मॅडम शाळेच्या वह्या तपासत होत्या.

“मॅडम, मले सांगा, डोंगर न फोडता तांबं निघते का?”

“नाही निघत.”

“मंग जादू कशी निघंन? पयले वरची झाडं जातात, माती जाते, गोटा जाते, तवा खाली एवढंसं तांबं दिसते. जादूचं बी तसंच हाय. जेवढी मोठी जादू, तेवढं आपलं काईतरी खोदून फेका लागते. या जादूगारानं काय फेकलं? इज्जत. त्या पोराले वाचवायचं होतं. नगरात राह्यला असता तर मेला असता तो. म्हणून यानं फाटक उघडलं अन् सारा दोष आपल्यावर घेतला. त्या पोराच्या मेलेल्या मायनं, राणीनं, त्याले तसं सांगतलं होतं. तो जित्ता हाय. पाचव्या खंडात येते, पाहून घेजा.”

“राणीने कधी सांगितलं?” मी विचारलं.

“ते लेखकानं लपवलं हाय.”

“मग तुम्हाला कसं कळलं?”

“स्टोअरमंदे काय नाही हे ज्याले समजते, तोच स्टोअरकीपर.”

हे उत्तर त्यांना फार आवडलं. त्यांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात पिशवी रिकामी करताना मला ऑगस्ट सापडला. मी तो द्यायचा म्हणून रविवारी घेऊनही गेलो. दिवस उन्हाळ्याचे होते. काका खिडकीत उभे होते, अंगावर वारा घेत, हातात रजिस्टर, आणि सांगत होते की जादूगाराच्या पापण्या पहिल्या खंडात दोनदा ओल्या झाल्याची नोंद आहे. माझी पाठ भिंतीला चिकटली होती. मी पिशवीची चेन लावली.

मॅडमना बसस्टँडवर सांगितलं. त्या तोंडावर पदर धरून हसल्या.

“देऊन टाका हो भाऊ. बिचारे.”

“देतो.”

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं, “दिलं?” मी म्हटलं, पुढच्या रविवारी. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. उलट वही बाजूला ठेवून त्या काकांना म्हणाल्या, “काका, तो जादूगार लपून राह्यला असंल तर जेवते कुठे?” काकांनी दोन आठवडे घेऊन त्यावर एक प्रकरण लिहिलं. आम्ही असं चार महिने चालवलं. मी विचारायचो, काका, त्याचा घोडा कुठे गेला? मॅडम विचारायच्या, काका, फाशीबिशी तर झाली नसेल ना त्याला? काका त्यांच्याकडे दयेने बघायचे.

“मॅडम, एवढा मोठा माणूस, त्याले लेखक असा फुकट मारंन का?”

रजिस्टर भरलं. त्यांनी दुसरं सुरू केलं. दाढी रोज करू लागले. रविवारच्या फोनवर मुलगा आता बीपीच्या पुढे जात होता. कोण कोणाच्या बाजूने आहे यावर बाप-लेक बराच वेळ बोलत. फक्त जादूगाराचा विषय निघाला की काका हसून थांबायचे. “ते फोनवर नाही. तू आल्यावर, समोर बसवून सांगतो.” मला ते म्हणाले, “सरळ सांगाले गेलो तर तो उठून जाते रे. या जादूगाराचं सांगतो. त्यातून त्याले समजंन.” काय समजेल ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

मुलगा दिवाळीच्या सुट्टीत आला. काका त्याला रविवारी वाचनालयात घेऊन आले आणि आपली खुर्ची त्याला दिली. मुलगा सभ्य होता. मला अंकल म्हणून नमस्कार केला, मॅडमना आंटी म्हणाला, ते त्यांना आवडलं नाही. काका दोन्ही रजिस्टरं घेऊन उभे राहिले. खाणीपासून सुरुवात केली. मुलगा आधी हसतमुख होता, मग त्याच्या कपाळावर आठी आली, आणि काका ‘प्रत्येक विश्वासघाताच्या मुळाशी’ इथे पोचले तेव्हा तो मध्येच म्हणाला, “पापा, एक मिनट. उसको तो फाँसी हो गई ना?”

“कोणाले?”

“उसी जादूगर को. उसने खुद बताया क्यों किया. कमरे में खिड़की नहीं थी.” त्याला हसू आलं. “पापा, आपने किताब पढ़ी भी है?”

काका पण हसले. “इंग्रजीत असंल तसं. हिंदीवाल्यानं बदलवलं असंल.” मग ते माझ्याकडे वळले. “भाऊ, तू त मार्चपासून वाचलं. सांग याले. हिंदीत हाय का असं?”

मॅडम बसच्या तिकिटाची घडी घालत होत्या. मी म्हटलं, “आहे काका.”

मी आणखी काही म्हणू शकलो असतो. भाग राहून गेला, चूक माझी, काकांची नाही. मुलाने ते ऐकलं असतं आणि बाकीचं रजिस्टरही ऐकलं असतं. मी फायलींना टेकून बसून राहिलो.

काकांनी रजिस्टर मिटलं. मुलाचं हसू थांबलं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, “आप हमेशा ऐसा ही करते हो पापा. जो हुआ ही नहीं, वो बता देते हो.” कोणत्या गोष्टीबद्दल म्हणाला ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. आणखी दोन दिवस राहणार होता, तो त्याच संध्याकाळी गोंदियाहून गाडी पकडायला निघून गेला.

आठवड्याने काका कचेरीत माझ्या टेबलाशी आले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मी खण उघडला आणि ऑगस्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. कॅलेंडरच्या पानावर कुणीतरी दुधाच्या लिटरांच्या खुणा केल्या होत्या.

“तुझ्याजवळच होता?”

“हौ.”

“पयलेपासून?”

“हौ.”

शेजारी एक बाई नवऱ्याविरुद्धच्या अर्जासाठी थांबली होती, तीही ऐकत होती. मग काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“समजलं मले. मी लिवून राह्यलो होतो, खुश होतो, तुले ते मोडवलं नाही. मले दुख होईन म्हणून तू दडवून ठेवला.” त्यांचे डोळे भरले होते. “मी बी तेच केलतं रे. त्याले नाही समजलं. तुले त समजते.”

मी मान हलवली. मी लोकांसाठी रोज मोठी कारणं लिहितो. माझ्यासाठी कोणी फुकटात एक लिहून देत होतं, ते खोडायला मी बसलो नव्हतो. काकांनी ऑगस्ट न उघडता परत माझ्याकडे सरकवला. “ठेव तुझ्याजवळच,” म्हणाले, आणि गेले. मुलाचे फोन पुन्हा बीपीवर आले आहेत, असं मॅडमना बाजारात कोणीतरी सांगितलं.

पाचवा खंड आला. मॅडम आणि मी तो दोघांतच कापला. काका आता वाचनालयात येत नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीवर मी बसतो.