नावाडी तिबुर्त्सियोची आई

माझा भाऊ ओरात्सियो निसर्गचित्रं काढायचा. मोठाली झाडं, लांबवर डोंगर आणि त्यात बोटभर माणसं. त्या वर्षी रोममधल्या एका सरदाराला जुन्या ग्रीकांचा प्रसंग हवा होता: इराणी फौज चालून येतेय म्हणून अख्खं अथेन्स घरंदारं सोडून गलबतांत बसतंय. वल्हेकरी म्हणून ओरात्सियोने नदीवरच्या म्हाताऱ्या नावाड्याला, तिबुर्त्सियोला, समोर बसवलं.

माणूस गमत्या. "चित्रकारबुवा, नाक जरा आवरतं घ्या हो, पोरी घाबरतील," असलं काहीबाही चालायचं. एकदा त्याने विचारलं, "शहरातली सगळी निघाली?"

"सगळी कुठली! ज्यांना चालवेना ती म्हातारी माणसं मागेच राहिली."

"मग चित्रात कुठायत?"

"इथून दिसत नाहीत."

तिबुर्त्सियोने वल्हं खाली ठेवलं. मी पाव घेऊन आले तर हा रडतोय. तरुणपणी नेरा नदीच्या पुरात त्याने बायकापोरांना नावेत घातलं होतं. आईला जागा नव्हती. पाणी ओसरल्यावर परतला तर घराचा दगडही सापडला नाही. तेव्हापासून घरात कुणी तिचं नाव काढलं नव्हतं.

ओरात्सियो कुरकुरला, "चित्राचा तोल जाईल." पण दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका दारात त्याने म्हातारी बसवली, मान खाली घातलेली.

चित्र पाहायला तिबुर्त्सियो बायकोला, जेल्सोमिनाला घेऊन आला. ती बराच वेळ बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "अशा नव्हत्या बसल्या सासूबाई."

"तुला काय ठाऊक?"

"अहो, तुम्ही एकदा तरी मागे वळून पाहिलंत का? मी पाहत होते. त्यांनीच पायाने नाव लोटली. मग उभ्या राहून हात हलवत होत्या. जा, जा, म्हणून."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत?"

तिबुर्त्सियोने स्टूल तिच्याजवळ ओढलं. "पुन्हा सांग," म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. पायानेच लोटली ना, हे त्याने तीनदा विचारून घेतलं.

ओरात्सियोने कुणी न सांगता कुंचला उचलला आणि म्हातारीला उभी केली.

सरदार चित्र घेऊन गेला; दारातल्या बाईकडे त्याचं लक्षही गेलं नाही. त्याच रविवारी तिबुर्त्सियोने चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना ठेवली. पाद्रीबाबांनी नाव विचारलं, तेव्हा "दोनातेल्ला" असं दोघं नवराबायको एकदमच म्हणाली.