सुतारबुवांचा नंबर

सुतारबुवांची नोंदणी रद्द झाली तेव्हा गल्लीत एकच कुजबुज होती. ग्राहक कार्यालयातल्या अधिकारीबाईंचं स्थळ म्हणे पूर्वी बुवांना आलं होतं, बुवांनी नाक मुरडलं, आणि बाईंनी इतक्या वर्षांनी डाव साधला. बुवांच्या नाकाकडे पाहता ते मुरडणं अवघडच होतं, पण गोष्ट झकास होती, मग सोडतो कोण?

बुवा घरोघरी स्वयंपाकघरातली कपाटं बसवायचे. त्या धंद्याला सरकारी नोंदणी लागते आणि तिचा नंबर टेम्पोवर रंगवावा लागतो. मेहुण्याला नोंदणी मिळेना, तेव्हा बुवांनी त्याला आपलाच नंबर वापरू दिला. घरातलाच माणूस, सायकल द्यावी तसा. मेहुण्याने एका निवृत्त नर्सबाईंचं स्वयंपाकघर उखडलं आणि पुन्हा तिकडे फिरकलाच नाही. त्या बिचाऱ्या पॅसेजमध्ये स्टुलावर शेगडी ठेवून रांधत होत्या. त्यांनी तक्रार केली.

सुनावणीला बुवा इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत गेले. ते घर मी पाहिलंसुद्धा नाही, सगळं मेहुण्याने केलं, असं त्यांनी ठासून सांगितलं. अधिकारीबाईंनी चष्मा काढला.

“अहो, तुमच्या नोंदणीवर दुसऱ्याने काम केलं, हेच तर ती रद्द करायचं कारण.”

नोंदणी तिथेच रद्द झाली. रंध्याखेरीज दुसरं काही त्यांना येत नव्हतं. मग बाईंनी समजावलं: नर्सबाईंचं काम तेवढं पुरं करून द्या, ते अर्धवट ठेवून नवा अर्ज केलात तर तोही नाकारावा लागेल.

बुवा गेले. पाहतात तर मेहुण्याने लावलेलं कपाटाचं दार नळावर आपटतंय. त्यांनी सगळं उतरवून पुन्हा बांधलं. आधी दाराची साखळीही न काढणाऱ्या नर्सबाई हळूहळू फळी धरायला उभ्या राहू लागल्या.

“तुमच्या मेहुण्याला एक इंजेक्शन द्यायची फार इच्छा आहे हो, बुवा.”

काम संपलं तेव्हा त्यांनीच कार्यालयात जाऊन तसं सांगितलं, आणि बुवांना नोंदणी परत मिळाली.

मेहुण्याने आणखी बऱ्याच घरी बोलणी करून ठेवली होती, हे मागाहून कळलं. अधिकारीबाईंनी वेळेवर थांबवलं नसतं तर किती शेगड्या पॅसेजमध्ये आल्या असत्या, या विचाराने बुवा आजही कार्यालयासमोर टेम्पो थांबवून हात जोडतात. त्या नमस्काराचे गल्लीने काय काय अर्थ लावले, ते विचारू नका.

स्थळ कधी आलंच नव्हतं. ती गोष्ट बुवांच्या बायकोने पसरवली होती, भावाचं नाव पुढे येऊ नये म्हणून.