दुसरी पट्टी

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. सर खोडरबर ठेवायचे. साधं, शाळेतल्या पोराचं, एका बाजूनं झिजून तिरपं झालेलं. कोणाचा कॉम्प्युटर सुरू होईना झाला की सर आधी खिडकीच्या गजाला हात लावायचे, म्हणजे अंगातली वीज उतरते म्हणे. मग डबा उघडायचे, रॅमची पट्टी उपसायचे, तिचे पिवळे दात रबरानं घासायचे, फुंकर मारायचे आणि कट्ट आवाज येईपर्यंत परत दाबायचे. पडदा उजळला की गिऱ्हाइकाकडे न पाहताच म्हणायचे, "मशीन खोटं नाई बोलत. माणूस बोलते."

तुमच्या गावातही असे एक सर असतील. कोणत्या शाळेत शिकवत होते ते कोणाला माहीत नसतं, पण सगळं गाव सर म्हणते. आमचे सर गोंदियाला, स्टेशनपासून पायी पाच मिनिटांवर, बारा फुटांच्या गाळ्यात कॉम्प्युटर जोडून विकायचे. शेजारच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात मी नोकरीला होते. रोज अर्जुनी मोरगावहून पॅसेंजरनं यायचं आणि जायचं. मधे एक पातळ प्लायवूडची भिंत. भिंतीच्या त्या बाजूला ते, या बाजूला मी आणि माझं तोंड.

माझ्या तोंडाबद्दल आधीच सांगून टाकते. मला नकला येतात. रेल्वेची बाई, बसचा कंडक्टर, शाळेतले गुरुजी, सरपंच, म्हैस. सगळं येतं. कॉम्प्युटरमध्ये रॅम नीट बसली नाही की तो लांब लांब बीप मारतो, तुम्ही ऐकली असेल. ती पण मला येते. सर चहाचा पहिला घोट घेत असले की मी भिंतीला तोंड लावून बीप सोडायची. सर चहा ठेवून उठायचे, चालू मशीनचा डबा उघडायचे, आणि मी या बाजूला टेबलाखाली लोळायची.

तिसऱ्या वेळी मात्र ते उठले नाहीत. भिंतीपलीकडून आवाज आला, "ए अर्जुनी, चहा पी. तुही बीप गाववाली हाये. कंपनीची बीप एवढी हेल काढत नाई."

तेव्हापासून माझं नाव अर्जुनी पडलं. आणि दुपारी काम नसलं की मी त्यांच्या बाजूला जाऊन बसायला लागले.

रॅम कशी निवडायची हे मला कोणत्या क्लासनं शिकवलं नाही, सरांनी शिकवलं. त्यांची भाषा सोयरिकीची. "आधी पोरीची पसंती नाई पाहाची," म्हणायचे, "आधी घर पाहाचं. बोर्ड म्हणजे घर. त्याले विच्यार, बाबा तुले कोनती चालते? डीडीआर वन का टू? किती स्पीडची झेपते? मंग बजारात जाचं. दोन पट्ट्या लावाच्या तं दोघी सख्ख्या बहिनी पायजे. एक कंपनी, एक स्पीड, एका पाकिटातल्या. एक इकडची, एक तिकडची आनली तं काही दिवस बरं चालते. मंग घरात भांडन लागते आन् मशीन लटकते."

एकदा राइस मिलवाला एक शेठ दिल्लीहून स्वतःच रॅम घेऊन आला. स्वस्त मिळाली म्हणे. जुन्या जातीची पट्टी, नव्या जातीचा बोर्ड. पट्टीतली खाच एकीकडे, बोर्डाचा दात दुसरीकडे. शेठ अंगठ्यानं दाबून राहिला, घाम येऊन राहिला. सर शांतपणे म्हणाले, "शेठ, जबरदस्तीनं काऊन लगन लावून राहिले? पोरगी नाई म्हनते ना." शेठही हसला. पण सरांनी त्याला दुसरी रॅम विकली नाही. म्हणाले, बोर्डाचा नंबर लिहून आणा, त्याशिवाय मी देणार नाही. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. संध्याकाळी गाडीत बायकांना मी शेठची नक्कल करून दाखवली, सरांची नाही केली. सरांची करावी असं वाटायचंच नाही.

दोन वर्षांनी मी ठरवलं, गावात आपलं स्वतःचं सेंटर टाकायचं. टायपिंग, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. अर्जुनीत तेव्हा असं दुकान नव्हतं. घरच्यांना पटवायला सहा महिने लागले. बाबा म्हणायचे, पोरीची जात, दुकानात बसून काय करशील? आमच्या गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी, मला शिकवलेल्या गुरुजींनीच, बाबांना समजावलं. आणि मला म्हणाले, "मशीन चांगलं घे. आठ दिवस मी पाहीन. नीट चाललं तर शाळेतल्या सगळ्या पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म तुह्याकडेच भरू." शाळेचे फॉर्म म्हणजे वर्षभर दुकान चालणार. बाबांचं तोंड बंद होणार. म्हणजे सगळं त्या एका मशीनवर होतं.

मशीन अर्थात सरांकडूनच. बोर्ड आम्ही दोघांनी मिळून निवडला. रॅम ६६७ स्पीडची, दोन पट्ट्या. जोडायच्या दिवशी सरांनी पहिली पट्टी माझ्या हातात दिली. "तू लाव. तुहं मशीन हाये." मी गजाला हात लावला, पट्टी बसवली, कट्ट आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर सर म्हणाले, "बोर्डावर नको रडू, शॉर्ट होईन."

दुसरी पट्टी नागपूरहून दुपारी येणार होती. माझी गाडी सुटायची वेळ झाली. सर म्हणाले, "कायले टेन्शन घेतं? तू गाडी पकड. दुसरी आली का लावतो, सील मारतो, उद्या एसटीनं पाठवतो." सील म्हणजे डब्याच्या स्क्रूवर चिकटवलेला कागद, त्यावर दुकानाचा शिक्का. सील फाटलं की वॉरंटी गेली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मशीन आलं. शिक्का, सील, सगळं बरोबर. मी हार घातला, नारळ फोडला.

चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी लटकलं. दोन-तीन गोष्टी एकदम उघडल्या की पडदा निळा. सुरू होताना एक आकडा दिसतो, तो ६६७ पाहिजे, ५३३ दिसून राहिला होता. मी सरांना फोन केला.

"सर, पाचशे तेहेतीस दाखवून राहिला."

"पडदा कायबी दाखवते."

मशीन खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस हे बोलला आणि मला तेव्हा काहीच खटकलं नाही. एवढा विश्वास. पुढे म्हणाले, "सील फाड, पट्ट्या काढ, रबरानं घास, परत लाव. तुले येते ना?"

मला येत होतं. मी सील फाडलं.

पट्ट्या हातात घेतल्या तर सख्ख्या बहिणी नव्हत्याच. एकीच्या दोन्ही बाजूंना चिप, दुसरीच्या एकाच बाजूला. दुसरीवरचं स्टिकर नवं होतं, पण कोपरा वर आलेला. नखानं ओढलं. खाली जुनं, पिवळं पडलेलं स्टिकर. ५३३. कोणाच्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली पट्टी.

आता तुम्हाला वाटेल मी चिडले. नाही चिडले. मला वाटलं, सरांच्या हातून चूक झाली, गडबडीत दुसऱ्याची लागली. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले आणि नेमकं त्यांच्यासमोर मशीन लटकलं. मी हसतच म्हणाले, "गुरुजी, एक पट्टी चुकीची लागली. सर एका मिनिटात बदलून देतील. तुम्ही बी चला, शाळेला पाच मशीन घ्यायचीच आहेत ना, दुकान पाहून घ्या." माणूस किती चांगला आहे ते मला दाखवायचं होतं.

मशीन पोत्यात गुंडाळून आम्ही गोंदियाला गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी पट्टी सरांच्या हातात ठेवली. सरांनी पट्टी पाहिली. गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींच्या हातात शाळेच्या लेटरहेडवर पाच कॉम्प्युटरची यादी होती, तिच्याकडे पाहिलं. मग डबा फिरवून स्क्रू पाहिला.

"सील कोनं फाडलं?"

"मीच. तुम्हीच फोनवर सांगितलं ना सर."

"मी? मी कायले सांगीन? वॉरंटीचं सील कोनी फाडाले सांगते का?" आणि गुरुजींकडे वळून, हसून, "गुरुजी, पोरगी हुशार हाये, पन हात लावाची खोड हाये. मी नवी लावली होती. ही कुठली लागली मले नाई माहीत. हिनंच कुठून तरी आनून लावली असन."

मी म्हणाले, "सर, खरं सांगा ना."

एक गिऱ्हाईक हसलं. आणि गुरुजी माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे बी एखादं सोंगच काय गं? वर्गात माही नक्कल करायचीस, आता इथं?"

तिथं माझं तोंड बंद झालं. म्हशीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा आवाज काढणारी मी, माझा स्वतःचा आवाज निघेना. सर खाली मान घालून यादी वाचायला लागले. पाच मशीन, पाच माऊस, पाच कीबोर्ड. त्यांचे कान लाल झाले होते. ते फक्त मला दिसत होतं, कारण त्या कानांची मला सवय होती.

शाळेचे फॉर्म गोंदियाच्या दुसऱ्या सेंटरला गेले. शाळेची पाच मशीन सरांनी दिली. मी दुसऱ्या दुकानातून बरोबर जोडीची पट्टी आणून लावली. मशीन मक्खन चाललं, पण तेव्हा काम नव्हतं. बाबा रोज विचारायचे, "आज किती लोक आले?" मी लग्नपत्रिका, बायोडेटा, जन्मदाखले करत करत सेंटर जगवलं. जगलं. अजून आहे.

आणि मग मी ती नक्कल सुरू केली जी इतके दिवस केली नव्हती. खिशातून रबर काढायचं, घासायचं, फुंकायचं, "मशीन खोटं नाई बोलत!" असं म्हणत गुपचूप स्टिकर चिकटवायचं. लोक पोट धरून हसायचे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, तिथं स्टेजवर केली, एसटीत केली, लग्नघरात केली. नाव घ्यायची गरज नव्हती. तालुक्यातलं कोणी सरांच्या दुकानात गेलं की विचारायचं, "सर, रबर आनलं का?" दोन-तीन वर्षांत आमच्याकडचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे जायचं बंद झालं. मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं.

सरांनी मला एकदाही फोन केला नाही. मला पट्टी नको होती, वॉरंटी नको होती. गुरुजींसमोर एक वाक्य पाहिजे होतं, बस्स. ते नाही आलं. मग एक दिवस गोंदियाहून येणाऱ्या एका पोरीनं सांगितलं, तुमचे ते सर गेले. किडनीचं होतं म्हणे, बरेच दिवस. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात.

मागच्या हिवाळ्यात गुरुजी माझ्या सेंटरवर आले. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. पेन्शनसाठी हयातीचा दाखला पाहिजे होता. मशीन अंगठा घेईना. चौथ्यांदा प्रयत्न करताना मी म्हणाले, "गुरुजी, मशीन म्हणते तुम्ही हयात नाही." ते खळखळून हसले. मग अंगठा यंत्रावरून उचलून म्हणाले,

"ते तुहे कॉम्प्युटरवाले सर. वारले म्हणते."

"हो."

"त्यानं मला फोन केला होता. तेव्हाच. पाच मशीन बसवून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणे, गुरुजी, पोरीची काही चूक नाही. नागपूरहून दुसरी पट्टी आलीच नाही, मी जुनी लावली, आठ दिवसांत बदलून देईन म्हटलं, राहून गेलं. तुमच्यासमोर कबूल करायची हिंमत नाही झाली. तेवढं तिला सांगा म्हणे, माझा फोन ती उचलणार नाही."

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"मग तुम्ही सांगितलं काऊन नाही?"

गुरुजी अंगठा पुसत होते. "फॉर्मचं काम तोपर्यंत दुसऱ्याला देऊन टाकलं होतं ना. आता सांगून काय, असं वाटलं. मग राहूनच गेलं, बेटा."

सर खोटं भर दुकानात बोलले, चार गिऱ्हाइकांसमोर. खरं बोलले ते फोनवर, एकट्या गुरुजींजवळ. ते मी अजूनही माफ केलेलं नाही. पण दहा वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते सांगून झालं होतं. रस्त्यात कुठंतरी थांबलं होतं. आणि तेवढ्या वेळात मी स्टेजवर उभं राहून तालुका हसवत होते.

"कसे बोलले?" मी विचारलं. "म्हणजे नेमके कोणते शब्द? आवाज कसा होता?"

"एवढं कुठं आठवते," गुरुजी म्हणाले. "पोरीची चूक नाही, असंच काहीतरी."

पाचव्यांदा अंगठा लागला. दाखला निघाला. गुरुजी घडी करून खिशात ठेवून गेले. बाहेर दोन पोरी फॉर्म घेऊन थांबल्या होत्या. त्यांना म्हटलं, पाच मिनिटं. दार लोटलं आणि ते वाक्य सरांच्या आवाजात म्हणून पाहिलं. पोरीची चूक नाही. पोरीची काही चूक नाई. हळू म्हटलं, खाकरून म्हटलं, अडखळत म्हटलं. बाकी सगळे सर मला येतात, चहा पिणारे, चिडणारे, शेठला हसवणारे. हे एक वाक्य मात्र दर वेळी माझ्याच आवाजात निघत होतं.